ईव्हीएमच्या जमान्यात फेरमोजणी म्हणजे नेमकं काय फेर मोजतात? आणि मतदाराचा 'हेतू' कोण ठरवतं?

टेबल_नंबर_चौदा यांचा प्रश्न

मुंबई उत्तर पश्चिमचा २०२४ चा निकाल समोर ठेवून विचारतो. रवींद्र वायकर ४,५२,६४४, अमोल कीर्तिकर ४,५२,५९६. फरक ४८. यंत्रांतली मतं पाहिली तर कीर्तिकर ४,५१,०९५ आणि वायकर ४,५१,०९४, म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे. टपाली मतांत वायकर १,५५० आणि कीर्तिकर १,५०१. साडेनऊ लाखांच्या आसपास मतदान आणि निकाल ठरला तो टपालाच्या लखोट्यांवर.

आता शंका. यंत्राचं बटण पुन्हा दाबलं तर तोच आकडा येणार. मग 'फेरमोजणी करा' अशी मागणी करणारा उमेदवार नेमकं काय मागत असतो? टपाली मतपत्रिका बाद कशामुळे होते, आणि शिक्का किंवा खूण थोडी इकडेतिकडे झाली तर मतदाराच्या मनात काय होतं हे कोण ठरवतं? मतमोजणी प्रतिनिधी म्हणून बसणाऱ्याला हे टेबलावरच कळायला हवं. राजकारण नको, कृपया नियम आणि व्यवहार सांगा.

---

नमुना_वीस यांचं उत्तर

क्रमाने सांगतो, कारण इथे क्रम चुकला की हक्कच जातो.

निवडणूक संचालन नियम १९६१, नियम ६३. सगळ्या फेऱ्या आणि टपाल संपलं की निवडणूक निर्णय अधिकारी नमुना २० मध्ये प्रत्येकाची एकूण मतं भरतो आणि ती मोठ्याने जाहीर करतो. हा अजून निकाल नाही. या जाहीर करण्यानंतर आणि त्याने नमुना २० पूर्ण करून सही करण्याआधी जो वेळ असतो, फेरमोजणीचा अर्ज फक्त तेवढ्यात चालतो. अर्ज लेखी हवा आणि कारणं लिहिलेली हवीत. अधिकारी तो पूर्ण मान्य करू शकतो, काही टेबलांपुरता मान्य करू शकतो, किंवा निरर्थक वा अवाजवी ठरवून फेटाळू शकतो. पण जे करेल ते लेखी आणि कारणांसह. सही झाली की विषय संपला, त्यानंतर अर्ज घेताच येत नाही. मात्र हजर असलेल्या उमेदवाराला किंवा त्याच्या प्रतिनिधीला अर्जासाठी वाजवी संधी दिल्याशिवाय त्यालाही सही करता येत नाही. म्हणून आकडे जाहीर होताच उभं राहून 'अर्ज देतोय, थांबा' असं म्हणायचं आणि ते व्हिडिओत येईल असं म्हणायचं. बाहेर जाऊन नेत्याला फोन लावत बसणारे इथेच हरतात.

यंत्रांचं म्हणाल तर बटण पुन्हा दाबून काही निघत नाही हे खरं. चुका यंत्रात कमी आणि यंत्रापासून कागदापर्यंतच्या प्रवासात जास्त होतात. कंट्रोल युनिटवरचा आकडा टेबलावर १७सीच्या (केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाच्या नमुन्याच्या) दुसऱ्या भागात लिहिला जातो, तिथून फेरीच्या तक्त्यात जातो, तिथून संगणकात. दोन उमेदवारांच्या ओळी अदलाबदल होणं ही सगळ्यांत नेहमीची चूक. हरयाणात पानिपत जिल्ह्यातल्या एका गावच्या २०२२ च्या सरपंच निवडणुकीत नेमकं हेच झालं, एका केंद्रावरची मतं एकमेकांच्या नावावर चढली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यंत्रं दिल्लीत मागवून आपल्या आवारात मोजून घेतली आणि निकाल ५१ मतांनी उलटला. यंत्रात आकडा पहिल्यापासून बरोबरच होता.

म्हणून प्रतिनिधीचं काम एकच. मतदानाच्या संध्याकाळी केंद्राध्यक्षाकडून मिळालेली १७सीच्या पहिल्या भागाची प्रत जवळ ठेवायची, यंत्राचा अनुक्रमांक आणि सीलचे नंबर त्यावरून ताडायचे, आणि डिस्प्लेवरचा आकडा स्वतः लिहायचा. एकूण मतं जुळत नसतील, किंवा सकाळच्या अभिरूप (चाचणीच्या) मतदानाची मतं यंत्रातून पुसायची राहिली असतील, तर ते यंत्र बाजूला ठेवलं जातं. २०२५ पर्यंतची रीत अशी होती की शेवटी विजयाचा फरक अशा बाजूला ठेवलेल्या केंद्रांच्या एकूण मतांइतका किंवा त्याहून कमी निघाला तर तिथल्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या मोजत. फरक मोठा असेल तर त्या यंत्राला कोणी हात लावत नसे.

चिठ्ठ्यांसाठी वेगळा नियम आहे, ५६डी. एखाद्या केंद्राच्या किंवा सगळ्या केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजा असा लेखी अर्ज करता येतो, निर्णय पुन्हा त्याच अधिकाऱ्याचा. चिठ्ठ्यांचा आकडा आणि यंत्राचा आकडा वेगळा आला तर चिठ्ठ्यांचा धरायचा. दर विधानसभा क्षेत्रात सोडत काढून पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात ते एप्रिल २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. ती ठरलेली पडताळणी आहे, फेरमोजणी नव्हे. बातम्यांत या दोन्हींची खिचडी असते.

---

लखोटा_आत_लखोटा यांचं उत्तर

टपालाचं मी सांगतो, कारण 'बाद' या एका शब्दात दोन अगदी निराळ्या गोष्टी कोंबल्या जातात.

बाहेरचा लखोटा १३सी. तो उघडला की आत दोन वस्तू: घोषणापत्र १३ए आणि छोटा बंद लखोटा १३बी. मतपत्रिका त्या छोट्या लखोट्यात. आधी घोषणापत्र तपासतात. त्यावर मतदाराची सही आहे का, साक्षांकन आहे का, आणि त्यात लिहिलेला मतपत्रिकेचा अनुक्रमांक १३बी वरच्या अनुक्रमांकाशी जुळतो का. यातलं काही चुकलं तर १३बी उघडतच नाहीत. शेरा मारून सगळं परत बाहेरच्या लखोट्यात. ही पहिली बाद, आणि इथे मतदाराच्या हेतूचा प्रश्नच येत नाही. मत कोणाला होतं हे कोणालाच ठाऊक नसतं.

घोषणापत्र पास झालं तर १३बी उघडून मतपत्रिका पाहतात. मतच नाही, एकापेक्षा जास्त जणांना मत, मतदाराची ओळख पटेल अशी खूण किंवा मजकूर, खोटी मतपत्रिका, ओळखू येणार नाही इतकी फाटलेली, किंवा खूण अशी ठेवली आहे की कोणाला मत ते संशयास्पद, तर ती दुसरी बाद. आणि इथेच नियम ५४ए मधलं सगळ्यांत उपयोगी वाक्य येतं. खूण अस्पष्ट आहे किंवा दोनदा केली आहे एवढ्यावरून मत बाद करता येत नाही; मतपत्रिका ज्या रीतीने भरली आहे त्यावरून अमुक उमेदवाराला मत द्यायचा हेतू स्पष्ट दिसत असेल तर ते धरायचं. टपाली मतपत्रिकेवर ठरावीक शिक्का नसतो. बरोबरची खूण, फुली, गोल, काहीही चालतं. एकाच चौकटीत दोनदा 'बरोबर' केलंय? चालेल. चौकटीच्या रेषेवर गेलंय पण बहुतेक भाग एकाच बाजूला? भांडायला जागा आहे. खाली सही ठोकली? गेलं. मतदार बिचारा बँकेच्या सवयीने सही करतो.

आता फरक कमी असेल तेव्हा काय. आयोगाची सूचना अशी की मोजणीत बाद ठरवलेल्या टपाली मतांची संख्या विजयाच्या फरकापेक्षा जास्त असेल तर निकाल जाहीर करण्याआधी ती सगळी बाद मतं निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने निरीक्षकासमोर पुन्हा तपासायची, चित्रीकरणासह. इथे कोणी अर्ज करायची वाट पाहायची नाही. मुंबई उत्तर पश्चिममध्ये बाद टपाली मतं १११ आणि फरक ४८, म्हणून तिथे ही फेरतपासणी झाली आणि बाद ती बादच राहिली. कीर्तिकरांची याचिका डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली.

ही पायरी गाळली तर काय होतं ते गुजरातमध्ये दिसलं. ढोळका, २०१७ ची विधानसभा. भूपेंद्रसिंह चुडासमा ३२७ मतांनी निवडून आले, आणि ४२९ टपाली मतं बाद करून बाजूला ठेवलेली. मे २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने निवडणूकच रद्द ठरवली. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली हा भाग वेगळा.

प्रतिनिधींसाठी एक खोच. बंद १३बी वरून भांडताना ती मतं आपलीच आहेत असं गृहीत धरू नका. साक्षांकनाची त्रुटी माफ करा म्हणून हट्ट धरायचा आणि आतून समोरच्याची मतं निघायची, असंही होऊ शकतं. त्यामुळे सूज्ञ प्रतिनिधी कोणती बाद मतं उघडी आहेत आणि कोणती बंद, याची वेगळी नोंद ठेवतो.

---

टेबल_नंबर_चौदा

ही दोन पातळ्यांची गोष्ट कुठल्या बातमीत वाचली नव्हती. धन्यवाद. पण शिक्क्याच्या कागदी मतपत्रिका आणि विधान परिषदेची पसंतीक्रमाची मतं यांचंही कोणी सांगेल का? पदवीधर-शिक्षक मतदारसंघात तर बाद मतांचा ढीग असतो, आणि मतदार सगळे शिकलेले!

---

कोटा_अधिक_एक यांचं उत्तर

शिकलेले असतात म्हणूनच बाद होतात. सूचना न वाचता 'मला येतं' म्हणून लिहितात.

आधी शिक्का. कागदी मतपत्रिकेवर बाणांच्या फुलीचा जो शिक्का असतो तो उगीच वळणदार नाही. मतपत्रिका घडी केली की ओली शाई दुसऱ्या चौकटीवर उमटते. साधी फुली असती तर दोन उमेदवारांना मत असं दिसलं असतं. बाणांचा शिक्का घडीने उमटला की उलटा, आरशातल्यासारखा दिसतो, म्हणजे मूळ ठसा कुठला ते लगेच कळतं. टेबलावर बसलेल्याने मतपत्रिका बाद होण्याआधी एवढं तरी पाहावं. नियमाने प्रतिनिधीला ती पाहायची वाजवी संधी द्यावीच लागते, फक्त हात लावायचा नाही. बाद केली तर तिच्यावर कारणाचा संक्षिप्त शेरा हवा. शेरा नसेल तर तिथल्या तिथे विचारा.

आता पसंतीक्रम, नियम ७३. १ हा आकडा कुठेच नाही तर बाद. १ दोघांपुढे, बाद. एकाच नावापुढे १ आणि आणखी एखादा आकडा, बाद. ओळख पटवणारी खूण, बाद. दिलेल्या पेनाऐवजी स्वतःच्या पेनाने लिहिलं, बाद. मात्र केंद्रावरच्या कर्मचाऱ्याच्या चुकीने तसं झालं अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर नाही. हा जांभळ्या स्केचपेनाचा सोपस्कार २०१६ च्या हरयाणातल्या राज्यसभा निवडणुकीनंतर आला. तिथे वेगळ्या शाईवरून डझनभर आमदारांची मतं बाद झाली आणि निकाल फिरला.

आकडा 1 असा, रोमन I असा किंवा १ असा, कुठल्याही भारतीय भाषेतल्या अंकात चालतो. पण अक्षरात 'एक' लिहिलं की संपलं. हेतू लख्ख दिसतो, शंकेला जागा नाही, तरी बाद, कारण नियमातच 'शब्दांत नाही' असं लिहिलंय. टपाली मतात हेतूला जी सवलत आहे ती इथे नाही, आणि बरोबरची खूण करणारे प्राध्यापक इथेच जातात. आपल्या मराठी हस्ताक्षराची भानगड वेगळीच: घाईत लिहिलेला १ आणि ९ सारखे दिसतात. उमेदवार आठ किंवा कमी असतील तर ९ ला अर्थच उरत नाही, हा मुद्दा लगेच मांडायचा. उमेदवार वीस असतील आणि बाकी आकडेही घोटाळ्याचे असतील तर त्याच कागदावर मतदाराने २, ३ कसे काढलेत ते दाखवून अक्षराचं वळण पटवावं लागतं. 1 आणि 7 चंही तेच.

पुढच्या पसंतीतली चूक मात्र पूर्ण मत मारत नाही. १ लिहून थेट ३ लिहिलं किंवा दोघांपुढे २ लिहिलं तर पहिली पसंती वैध; पुढे हस्तांतराची, म्हणजे कागद पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जाण्याची, वेळ आली की तो 'संपलेला' धरतात. त्यामुळे बाद मतं आणि संपलेली मतं यांचे आकडे वेगळे लिहा.

बाद मताने कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, हलतो हे लोक विसरतात. सर्वांत स्वच्छ उदाहरण अहमद पटेल, गुजरातमधली राज्यसभा निवडणूक, ऑगस्ट २०१७. जागा तीन, मतदान १७६. प्रत्येक मताचं मूल्य १००, एकूण १७,६०० भागिले ४ म्हणजे ४,४००, अधिक एक ४,४०१. म्हणजे पहिल्या पसंतीची ४५ मतं हवीत. दोन आमदारांनी मतपत्रिका परक्या पक्षाच्या माणसांना दाखवली म्हणून ती दोन मतं रात्री उशिरा बाद ठरली. १७,४०० भागिले ४, ४,३५०, अधिक एक ४,३५१. आता ४४ पुरेत. पटेलांना बरोबर ४४ मिळाली. त्या दोन मतपत्रिकांवरचे आकडे नीटच होते, गेल्या त्या गोपनीयतेपायी. आपल्याकडे जून २०२२ मध्ये राज्यसभेसाठी आमदार सुहास कांदे यांचं मत बाद झालं तेव्हा मात्र २८५ ची २८४ झाली आणि सहा जागांचा कोटा ४१ मतांचाच राहिला. गणित आधी करून पाहा, मग आरडाओरडा करा.

एका जागेच्या मतदारसंघात मूल्य १ धरतात: वैध मतांचे निम्मे, अपूर्णांक सोडून, अधिक एक. बाद ठरलेली ३०० मतं परत वैध झाली तर कोटाही दीडशेने वर जातो, म्हणजे आघाडीवर असलेल्याचा विजय दुसऱ्या पसंतीवर ढकलला जाऊ शकतो.

इथली फेरमोजणी नियम ६३ ने होत नाही, नियम ८३ ने होते. मोजणी चालू असताना, हस्तांतर सुरू होण्याआधी किंवा संपल्यावर, कोणत्याही उमेदवाराचे कागद पुन्हा तपासा असं म्हणता येतं आणि अधिकाऱ्याने ते करायचं असतं. तीच मतं दुसऱ्यांदा मोजायला तो बांधील नाही. म्हणून पहिली संधी गठ्ठ्यांवर वापरा: पंचविसाच्या गठ्ठ्यात चोवीस किंवा सव्वीस, आणि वरचा कागद एकाचा, आतला दुसऱ्याचा.

---

वाचक_परदेशस्थ

अमेरिकेतही लखोटा आणि मतपत्रिका अशा याच दोन पातळ्या आहेत. मिनेसोटा, २००८ ची सिनेटची निवडणूक, सुमारे २९ लाख मतं. आधी कोलमन पुढे होते, शेवटी फ्रँकन ३१२ मतांनी जिंकले. टीव्हीवर चर्चा झाली ती मतपत्रिकांची. एकाने फ्रँकनपुढचा गोल भरून खाली, छापील नाव नसलेल्या उमेदवारासाठीच्या ओळीत, हाताने 'लिझर्ड पीपल' लिहिलं होतं. मंडळाने ते दोघांना मत धरून बाद केलं. पण फरक वाढला तो चुकून नाकारलेले टपाली लखोटे उघडल्यावर. जानेवारी २००९ मध्ये असे ९३३ मोजले गेले. तिथल्या कायद्यात हेतू कसा वाचायचा याचे नियम तपशिलात लिहिलेले होते, म्हणून वाद मिटवता आला. २००० मध्ये फ्लोरिडात ५३७ मतांच्या फरकात दर काउंटीची रीत निराळी होती. छिद्र पाडायच्या मतपत्रिकेतला अर्धवट सुटलेला कागदाचा तुकडा एकीकडे मत धरला, दुसरीकडे नाही. गाडी अडकली ती तिथे.

आपल्याकडे अमुक टक्क्याच्या आत फरक असेल तर आपोआप फेरमोजणी, असं का नाही?

---

कलम_शंभर यांचं उत्तर

नाही, असा आकडा कायद्यात नाही. आपोआप होते ती फक्त वर सांगितलेली बाद टपाली मतांची फेरतपासणी. यंत्रांसाठी टक्केवारीची अट घातली तरी पुन्हा तोच डिस्प्ले पाहणार, त्यामुळे मला त्यात फार अर्थ वाटत नाही. चिठ्ठ्यांसाठी असती तर गोष्ट वेगळी.

निकालानंतरचं थोडं सांगतो. लोकसभा-विधानसभेची निवडणूक याचिका उच्च न्यायालयात, ४५ दिवसांत. मताची चुकीची स्वीकृती किंवा चुकीचा नकार हे कारण लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १०० मध्ये आहे, पण त्याने निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हे दाखवावं लागतं. 'फरक कमी आहे, मोजून बघा' एवढ्यावर न्यायालय पेट्या उघडत नाही. १९६४ च्या रामसेवक यादव खटल्यापासून हीच भूमिका आहे: आधी ठोस तथ्यं सांगा, मग मतपत्रिका पाहू, कारण मतदानाची गुप्तता पणाला लागते. कोणतं टेबल, कोणती फेरी, किती मतपत्रिका, कोणत्या कारणाने बाद आणि तेव्हाच हरकत घेतली होती का, हे याचिकेत हवं. टेबलावर लिहिलेली वही इथे सोन्यासारखी ठरते.

जिंकलेल्यानेही गाफील राहू नये. हरलेला 'मलाच विजयी घोषित करा' म्हणत असेल तर जिंकलेल्याने कलम ९७ खाली प्रतिदोषारोपाची, म्हणजे हरलेल्याच्या दाव्यावर उलट हरकतीची, नोटीस द्यावी लागते. ती नसेल तर स्वतःची चुकीने बाद झालेली मतं त्याला मोजून घेता येत नाहीत. जबरसिंह विरुद्ध गेंदालाल खटल्यात हे ठरलं. न्यायालयात मोजणी चालू आहे, आपली मतं डोळ्यांसमोर बाद पडलेली आहेत आणि वकील काही बोलू शकत नाही, अशी अवस्था होते.

प्रदत्त मतं, म्हणजे आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्यावर खऱ्या मतदाराला देतात ती मतपत्रिका, मोजणीच्या दिवशी मोजतच नाहीत. ती पाकिटात बंद राहते आणि याचिकेतच उघडू शकते. राजस्थानातल्या नाथद्वारात २००८ ला सी. पी. जोशी एका मताने हरले, तशा फरकात प्रत्येक पाकिटाला किंमत येते.

हेतूबद्दल अलीकडचा सर्वांत ठळक निकाल चंडीगडचा. ३० जानेवारी २०२४, महापौर निवडणूक, ३६ मतं, त्यातली ८ बाद, निकाल १६ विरुद्ध १२. त्या आठ मतपत्रिकांवर मत स्पष्ट होतं. वरच्या जादा खुणा पीठासीन अधिकाऱ्यानेच केल्या होत्या. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्या स्वतः पाहिल्या, आठही वैध धरल्या आणि १२ मतांवर हरलेले कुलदीप कुमार एकूण २० मतं मिळून महापौर झाले. मतदाराने मत दिल्यानंतर दुसऱ्याने केलेली खूण मतदाराच्या माथी मारता येत नाही, एवढाच त्यातला साधा मुद्दा.

---

टेबल_नंबर_चौदा

आणि समसमान झाली तर? महापालिकेत?

---

नमुना_वीस

चिठ्ठी. चिठ्ठी टाकून ज्याचं नाव निघेल त्या उमेदवाराला एक मत जादा मिळालं असं धरायचं. मुंबई महापालिका २०१७, प्रभाग २२०, अतुल शाह आणि सुरेंद्र बागलकर, दोघांना ५,९४६. चिठ्ठीत शाह आले.

स्थानिक निवडणुकांत दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्या राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत असतात, म्हणून वरचं नियम ६३, ५६डी वगैरे तसंच्या तसं तिथे लावू नका; अर्ज मात्र तिथेही लेखी आणि कारणांसहच द्या. दुसरं, मुदती फार आखूड आहेत. महापालिकेच्या निकालाला दहा दिवसांत न्यायालयात आव्हान द्यावं लागतं, ग्रामपंचायतीचं पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे. विधानसभेचे ४५ दिवस डोक्यात धरून बसलेला सरपंचपदाचा उमेदवार वकिलाकडे पोचतो तेव्हा तारीख उलटून गेलेली असते.